ट्यूबचं सोंग

माणसं राखुंडी सोडून नुकती पेस्टने दात घासू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. कुमुदकाकूंच्या मोरीतल्या फळीवर पेस्टची पत्र्याची ट्यूब राहायची. भंगारवाल्याच्या हातगाडीत बसून गाव बघायचं, एवढाच तिला ध्यास होता. म्हणून पोटात बरीच पेस्ट असतानाच तिने अंग चोरलं आणि संपल्याचं सोंग घेतलं.

"नको गं बाई असली सोंगं," शेजारचा म्हातारा ब्रश म्हणाला. दात घासून झिजल्यावर तो आता कंगवे आणि स्टोव्ह घासायचा. "काकू सहज सोडणाऱ्यातल्या नाहीत."

"गप बसा हो काका! गाडीतून टाटा करीन तुम्हाला."

काकूंनी ट्यूब दाबली, मग तिच्यावर लाटणं फिरवलं. गुदगुल्या झाल्या, तरी ट्यूबने तोंड उघडलं नाही.

"अस्सं काय?" म्हणत काकूंनी कात्रीने तिचं शेपूटच कापलं. आत ही पेस्ट! "लबाड कुठली!" सगळ्यांनी ती बोटाने पुसून पुसून वापरली.

मग ट्यूब धुऊन काकू ती भंगारात टाकायला निघाल्या, तोच त्यांचं लक्ष गेलं. एकीकडे रुंद तोंड, दुसरीकडे बारीक भोक.

"अगं बाई, हे तर नरसाळं!"

तेव्हापासून ट्यूब स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायला खिळ्यावर टांगलेली असते.

पुढे स्टोव्ह घासता घासता ब्रशचा शेवटचा केसही गळाला. काकूंनी त्याला भंगारवाल्याच्या हवाली केलं. हातगाडी खिडकीखालून खडखडत गेली, तेव्हा आतून आवाज आला,

"टाटा गं, ट्यूबबाई!"