आत्याच्या नावावर

"मग चार एकर घेऊ तरी कुणाच्या नावावर, बाबा?"

 सड्यावरच्या, उघड्या कातळमाळावरच्या दर्ग्याच्या ओट्यावर बसून करीमबाबा सुपारी कातरत होते.

रमाकांतला उत्तर नकोच होतं. ते तो घरूनच घेऊन आला होता. परदेशाचं नागरिकत्व मिळालं तेव्हा त्यानं गावात पेढे वाटले. आता समुद्राकडची जमीन डोळ्यांत भरली, तर कायदा आडवा आला. परक्या देशाच्या नागरिकाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही. आत्याचं नाव मात्र सातबाऱ्यावर होतं, आठ गुंठे भातशेतीला. म्हणजे आत्या शेतकरी. तेव्हा जमीन तिच्या नावावर घ्यायची आणि त्याच दिवशी तिचं मृत्युपत्र करून टाकायचं, सगळं भाच्याला. त्यात तिचे आठ गुंठे आणि राहतं घरसुद्धा घातलं होतं. एकाच कागदात सुटसुटीत होतं, म्हणाला.

भागीरथी आत्या खांबाला टेकून ऐकत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. सकाळपासून तिला सांगणं चाललं होतं, इथं सही कर, तिथं सही कर, तू डोकं चालवू नकोस. नाही म्हणावं, तर मागं दुसरं आहे कोण? फक्त एक गोष्ट तिनं धरून ठेवली. बाबांना विचारल्याशिवाय तालुक्याला यायची नाही. रमाकांतही कबूल झाला. लहानपणी याच ओट्यावर बाबांनी त्याला पाढे शिकवले होते.

"तुम्ही नुसतं हो म्हणा," तो म्हणाला. "आत्याची अशी किती वर्षं राहिली? चार, फार तर पाच. कुणाचं काय बिघडतंय?"

तिच्या तोंडावर म्हणाला.

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. पायरीकडे बघितलं. तिथं रमाकांतचे बूट होते, पांढरे, जाड तळाचे. शेजारी आत्याच्या वहाणा, सुतळीनं बांधलेल्या.

"ते बूट हिच्या नावावर कर."

रमाकांत हसला. "केले."

"तोंडी नको. कागदावर कर."

आत्याच्या सहीसाठी आणलेल्या मृत्युपत्राच्याच पाठीवर लिहून त्यानं झोकात सही ठोकली. शिकलेला माणूस, सही करताना भीती कसली!

बाबांनी कागद आत्याच्या हातात दिला.

"घाल, भागीरथी."

"मी...?"

"नाव तुझं आहे."

आत्या पायरीवर बसली. बूट दोन बोटं मोठे. तिनं वहाणांची सुतळी सोडली आणि बुटांवरून करकचून बांधली. उभी राहिली. जन्मात पायाला एवढं मऊ काही लागलं नव्हतं.

मे महिन्याची दुपार. जांभ्याचा सडा तव्यासारखा तापलेला, आणि गाडी पार पलीकडे, अर्ध्या तासावर.

"आत्या, झाली गंमत. दे आता."

आत्यानं एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"नाय देत," ती म्हणाली.

बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. एवढंच तर म्हणायचं होतं सकाळपासून! तिनं कागदाची घडी करून कनवटीला खोचली. गाडीकडं वळलीच नाही. घराची वाट धरली, ताठ मानेनं, टाचा आपटत.

मागं रमाकांत सड्यावर उतरला, दोन उड्या मारल्या आणि बोंबलत ओट्यावर परतला. उघड्या सड्यावर आवाज लांबवर येतो. तिला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, ती खरंच चालली... मी गाडीपर्यंत जाऊ कसा?"

अडकित्त्याचा कट्ट आवाज झाला. मग बाबा, नेहमीसारखे सावकाश.

"मला नको विचारूस. तिला हाक मार. अहो म्हणून मार."