हत्तीच्या मापाचं तळं

रानात माणसाची पायवाटसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रानाचा कारभार दंताजी हत्तीकडे होता. "तळं हवं ना?" असं त्याने सगळ्यांना विचारलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्याने मोठ्या हौसेने तळं खोदलं.

तळं भरलं, पण काठ असा उभा की पाण्यापर्यंत फक्त सोंडच पोचायची. ससे, मुंगसं काठावर बसून दंताजीच्या नावाने बोटं मोडू लागली.

दंताजी वैतागला. "यांच्यासाठी घाम गाळला, आणि वर हे ऐकायचं!"

"दादा, हवं का ते विचारलंत," साळिंदरबाई म्हणाली, "कसं हवं ते कुठे विचारलंत?"

"मग तेव्हाच तोंड उघडायचं होतं!"

"तेही खरंच. आम्हाला वाटलं, कारभाऱ्याला सगळं कळतं."

दंताजीला हसूच फुटलं. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून काठ उकरायला लागले. वाद इतके झाले की दंताजीचे सुपाएवढे कान किटले, पण संध्याकाळी ससे उतारावरून पाण्यापर्यंत पोचले.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरं तळं खोदायचं ठरलं. दंताजीने माती उकरायला पाय उचलला, तसाच खाली ठेवला आणि विचारलं, "आपल्यात सगळ्यात बुटकं कोण आहे रे? त्याला आधी पुढे येऊ द्या."