मगदूमांच्या होडीची मोटार

"मग चाचा, यातली कुठली बसवू?"

अभिनंदननं तीन मोटारी टेबलावर ओळीनं मांडल्या. तिन्ही ब्रशलेस, कोऱ्या करकरीत.

दस्तगीरचाचा पंपाच्या जळक्या मोटारीतली तार उपसत होते. मान वर न करता म्हणाले, "तुझं काय म्हणणं?"

"ही." त्यानं सगळ्यात बारकी उचलली. "एका व्होल्टला चार हजार फेरे. ती दोन हजारांची. आणि ही जाडी नुसती सातशेची. उगीच आणलीय सोबत."

"ठरलंयच की तुझं. मग विचारतोस कशाला?"



मी बाजूच्या स्टुलावर होतो. चाचांचं मिरजेतलं ते रिवाइंडिंगचं दुकान म्हणजे आमचा अड्डा. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. जाऊ दे.

आम्ही सात-आठ येडे होतो. मी शाळेतला ड्रॉईंग मास्तर. रिमोटवर चालणाऱ्या हातभर होड्या घरी बांधायच्या आणि रविवारी गावाबाहेरच्या तळ्यात सोडायच्या, हा आमचा धंदा. हल्ली खोक्यातून तयार होडी येते, बटण दाबलं की पळते. पळू दे बापडी. आमची सुरुवात फळी घासण्यापासून असायची. भंगारात एखाद्या गाडीच्या वायपरची मोटार सापडली की आठवडाभर पाय जमिनीवर नसायचे.

पायगोंडा मगदूम आमच्यातलाच. अभिनंदनचा बाप. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या 'पद्मावती' होडीची जुनी ब्रशची मोटार जळाली होती, आणि रविवारी शर्यत. पोरगा पुण्याहून खास रजा काढून आला होता.

"अण्णा अकरा वर्षं शेवटचे आले, चाचा," तो एकदम म्हणाला. "अकरा वर्षं! एकदा तरी निकालाच्या फळ्यावर मगदूम वर लागायला पाहिजे. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी."

चाचांनी तार खाली ठेवली.

"टाकीत सोड होडी."

दुकानामागं पाण्याची सिमेंटची टाकी होती. अभिनंदननं बारकी मोटार बसवली, शेपटाखाली पाणी कापणारा तिच्या मापाचा छोटा पंखा लावला. चाचांनी होडीच्या शेपटाला दोरा बांधला आणि दुसरं टोक त्याच्या बोटाला गुंडाळलं.

"डोळे मीट. आता मोटार सोड."

मोटार किंचाळली. टाकीभर फेस झाला, माझा सदरा भिजला.

"बोटाला काय लागतंय?"

"थरथर..."

"ओढ?"

"तशी नाही."

"दुसरी लाव."

दोन वेळा मोटार बदलली, पंखा बदलला. चाचांना घाई म्हणून नव्हती. मधे दोनदा चहा झाला, आणि एक गिऱ्हाईक चाचांनी उद्या ये म्हणून पिटाळलं.

शेवटी जाडी मोटार बसली आणि तिच्यावर मगदूमाचा जुना पितळी, रुंद पात्यांचा पंखा. आवाज असा नव्हताच. पाणी वरून गुळगुळीत. पण दोरा ताठ झाला, अभिनंदनचा हात पुढं सरकला आणि तो ओरडला, "आई गं! बोट कापतंय की!"

"मग? कुठली?"

"जोर हिच्यात आहे, चाचा. मान्य." बोट चोळत तो हसला. "पण मला जोर घेऊन काय करायचंय? ओझं वाहायचंय होय? शर्यत आहे. बारकीच बसवतो. आणि हे पण काढून टाकतो."

त्यानं होडीच्या नाकावरचं रबर दाखवलं. सायकलच्या ट्यूबची जाड घडी, मगदूमानं खिळ्यांनी ठोकलेली. दिसायला अगदी बावळट. आम्ही त्यावरून त्याला किती चिडवलं असेल!

"नुसतं पाणी अडवतं," अभिनंदन म्हणाला. खिशातून त्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि खिळ्याखाली घातला.

चाचांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"ते कशाला लावलंय?"

"होडीला धक्का बसू नये म्हणून."

"काठाला आलेली होडी आपण हातानं धरतो. धक्का कशाचा?"

"... माहीत नाही."

"नीट बघ."

त्यानं होडी उजेडाला धरली. रबरावर रंगाचे ओरखडे होते. निळा, पिवळा, पुन्हा निळा. मधे लाल, बराच.

"हे रंग आपल्या होडीचे नाहीत," तो हळू म्हणाला.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मला काय ते कळलं, आणि इतकी वर्षं तोंडात धरलेलं बाहेर आलं.

"लाल माझ्या होडीचा आहे, पोरा."

"तुमच्या? सर, तुम्ही तर दोनदा पहिले आलाय."

"आलो की. आणि सहा वेळा भर तळ्यात बंद पडलो. कधी पंख्यात शेवाळ, कधी बॅटरी संपली. ज्याची बंद पडेल त्याच्याकडं हा तुझा बाप आपली होडी वळवायचा. शर्यत सोडून. नाकानं ढकलत, ढकलत काठाला आणून लावायचा. एकेका शर्यतीत तिघा-तिघांना. तू कधी बघितलं नाहीस?"

त्याचे कान लाल झाले.

"मी थांबायचोच नाही, सर. दुसऱ्या फेरीला अण्णा मागं पडलेले दिसले की पोरं मला चिडवायची. मी घरी पळायचो."

मला फार वाईट वाटलं. त्याचं नाही, माझं. बक्षिसाचा पेला घेताना मी त्या माणसाकडं एकदा वळून बघितलं नव्हतं. बंद पडलो त्या दिवशी घरी जाऊन होडी पुसताना मागचा रंग उडालेला दिसायचा, आणि मी वर त्यालाच शिव्या घालायचो.



अभिनंदननं स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. जाड्या मोटारीवरून हात फिरवला. तो म्हणाला, "पण चाचा... म्हणजे रविवारी मी पण शेवटचाच येऊ?"

चाचांनी पुन्हा तार हातात घेतली.

"जो शेवटी येतो ना बाळा, त्याच्या मागं तळ्यात कुणी राहिलेलं नसतं."