गुळगुळीत इंजिन आणि उनाड वारा

इंजिनांची बोली मला अस्सल येते. म्हणजे शिट्टी तेवढी कळते. बाकीचं मी पदरचं घालतो, तुम्ही माना डोलावता, दोघांचंही भागतं.

तर कोळशाच्या गाड्यांच्या काळात साहेबलोकांनी वेग वाढावा म्हणून एका इंजिनाला नाकापासून शेपटीपर्यंत गुळगुळीत पत्रा चढवला. नवरदेवच जणू! चाचणीच्या दिवशी ते वाऱ्यावर खेकसलं, "ए उनाडा, आजपासून माझ्या तोंडावर आपटायचं नाही. अंगावरून मुकाट सरकायचं!"

वारा मुकाट सरकला. इंजिन सुसाट निघालं. पण एरवी वर उडणारा धूर आज पाठीला चिकटून सरपटत आला आणि इसाक ड्रायव्हरच्या खिडकीत घुसला. इसाकला लाल सिग्नल दिसलाच नाही. धूर विरला तेव्हा समोर माणसांनी भरलेली गाडी उभी! त्यानं करकचून ब्रेक लावला. हातभर अंतर राहिलं आणि चाकं थांबली.

इंजिनाची बोबडीच वळली. "अ-अरे मेल्या, केवढी माणसं गेली असती! धूर वर का नाही नेलास?"

वारा म्हणाला, "आणि आजवर तुझ्या तोंडावर आपटून, तो धूर घेऊन मी वर उसळत होतो, ते काय गंमत म्हणून?"