बकुळा आणि सोन्याचा गळा

निळ्या तळ्याकाठी वैद्यबुवांचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या इवल्याशा झोपडीत बकुळा आईबरोबर राहायची. आई रोग्यांसाठी पेज शिजवायची. तळाशी उरेल ती दोघींची. बकुळाच्या परकराला ठिगळंच ठिगळं, पण गळा मधासारखा गोड.

"उद्या राजवाड्यात गाणाऱ्या मुली निवडणार आहेत," आई म्हणाली. "जाशील ना गं? पोटभर जेवशील तरी."

चार अनोळखी माणसं दिसली की बकुळा आईच्या पदराआड लपायची. ती पेजेची वाटी घेऊन बागेतून निघाली.

तोच जास्वंदीची लालचुटूक कळी उमलली. आत अंगठ्याएवढी परी, पंखांवर दवाचे चमचमते मणी.

"बकुळे, तू रोग्यांना किती मायेनं भरवतेस. म्हणून तुला एक वर," परी म्हणाली. "सोन्याचा गळा घे हवा तर. सारा दरबार डोलेल. पण तो नेहमी मोठ्यानं आणि आपल्याच चालीनं गाईल, कुणासाठी हळू व्हायचा नाही. सूर्य मावळायच्या आत सांग."

"पेज निवतेय. देऊन येते," बकुळा म्हणाली.

दवाखान्यात खाटेवर कासमचाचा पिंजारी तळमळत होते. ताप उतरला होता, पण झोप काही येईना. पेजेचा एक घोट घेऊन त्यांनी वाटी बाजूला ठेवली. बकुळानं हळूच पाळणा म्हणायला घेतला.

"अगं पोरी, पाळण्यात घालतेस का मला?" चाचा वैतागले. "दाढी बघ माझी."

बकुळा ओशाळली. मग तिला दिसलं, चाचांची बोटं खाटेच्या काठावर भराभर वाजत होती. टुंग टुंग, टुंग टुंग. धनुकलीवर कापूस पिंजावा तशी. तीही तेवढ्याच वेगानं गुणगुणू लागली, "टुंग टुंग कापूस, उडे उडे कापूस." चाचा गालात हसले. मग बकुळा जराशी हळू झाली. बोटंही हळू झाली. आणखी हळू, आणखी हळू. चाचा घोरू लागले.

वैद्यबुवा दारातून बघत होते. "माझ्या काढ्याला नाही जमलं हे," ते म्हणाले. "माझ्याजवळ राहून वैद्यकी शिकशील? तुम्हा मायलेकींचं जेवणखाण माझ्याकडे. पण आईला विचार हो."

बकुळा बागेत धावली. आभाळ केशरी झालं होतं.

"परीताई, सोन्याचा गळा नको. मला हळू होता आलं पाहिजे. फक्त आईला हे सांगायचं धाडस दे."

परीनं तिच्या कपाळावर प्रकाशाची टिकली लावली.

आई चुलीशी होती. "आई, मी राजवाड्यात नाही जाणार," बकुळा म्हणाली. "मी इथंच आजारी माणसांसाठी गाणार. वैद्यबुवा शिकवणार आहेत, जेवायलाही घालणार आहेत."

आई मटकन खाली बसली. "बरं झालं बाई. तू गेलीस तर मी कुणाशी बोलू, याच घोरात पेजेत मीठ घालायचं विसरले बघ."

"म्हणून चाचांनी वाटी तशीच ठेवली वाटतं," बकुळा म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

बाहेर परीनं एक गिरकी घेतली. ती आधी गुलाबी झाली, मग सोनेरी, मग नुसता उजेड. तो उजेड पानापानांवरून ओघळला आणि मायलेकींच्या दारात येऊन विरून गेला.