टेकडीवरच्या वस्तीचा भाव

एका व्यापारी नगरात एकदा घरांचे भाव कोसळले. परदेशी व्यापाऱ्यांनी तिथल्या कापडाकडे पाठ फिरवली होती. ज्यांनी केवळ पुढे नफ्याने विकण्यासाठी नव्या पेठेत घरांमागून घरे बांधली होती, ते सगळे एकाच वेळी विकायला धावले. घेणारा मात्र कोणी उरला नाही.

नगराबाहेर टेकडीच्या उतारावर एक जुनी वस्ती होती. तिथे भार्गव नावाचा तरुण आपल्या वृद्ध आईसह राहत असे आणि जवळच्या एका आचार्यांकडे शास्त्राध्ययन करीत असे. वडिलांनी मागे ठेवलेले घर हाच त्या मायलेकांचा एकमेव आधार होता.

एके दिवशी नव्या पेठेतला एक धनाढ्य व्यापारी दारी आला. म्हणाला, "निम्म्या भावात घेतो. आज हो म्हण. पावसाळ्यानंतर हे घर कोणी फुकटही घेणार नाही."

घाबरलेल्या भार्गवने उद्या सांगतो म्हणून व्यापाऱ्याला निरोप दिला आणि तडक आचार्यांना गाठले. "आचार्य, आज निम्मे तरी हाती येईल. विकून टाकू का?"

आचार्य म्हणाले, "ते उद्या ठरव. आज वस्तीत घरोघरी जा आणि विचार, निम्म्या भावात घर विकता का?"

"पण मला घर घ्यायचे नाही, विकायचे आहे!"

"ठाऊक आहे. जा."

भार्गव खजील होऊनच निघाला. पहिल्याच दारी वैद्यबुवा खो खो हसले. "अरे, ऊन लागलं की काय तुला? आत ये, सरबत घे!" शाळेजवळच्या गोदाकाकू तर रागावल्याच. "नातवंडं चालत शाळेत जातात, भर उन्हाळ्यात विहिरीला पाणी असतं, लेक पलीकडच्या आळीत दिलेली. हे सोडून मी जाऊ कुठे रे?" दारामागून दारे झाली. कोणी थट्टा केली, कोणी समजूत घातली. घर द्यायला कोणीही तयार झाले नाही.

शेवटच्या घराच्या ओसरीवर एक अनोळखी जोडपे बसले होते. भार्गवचा प्रश्न ऐकताच तो गृहस्थ उठून उभा राहिला. "निम्म्या भावात कसले मागता? आम्ही पुरा भाव द्यायला कधीपासून फिरतोय. इथं घरच मिळत नाही! तुमच्या पाहण्यात आहे का एखादं?"

भार्गव आचार्यांकडे परतला तेव्हा त्याची चाल बदललेली होती.

आचार्य म्हणाले, "वत्सा, नव्या पेठेत घरे पुष्कळ होती, पण तिथे मन कोणाचेच गुंतले नव्हते, म्हणून भीती वाटताच सगळे निघाले. इथे लोक राहायला आले आणि रुजले. मंदी इथेही येईल, भाव थोडा थबकेलही. पण जिथून कोणी निघत नाही आणि जिथे यायला लोक वाट पाहतात, तिथला भाव सहजी कोसळत नाही. तू नव्या पेठेची भीती आपल्या घराला लावून बसला होतास."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. भार्गवने त्याला आदराने बसवले आणि विचारले, "शेठजी, जे घर पुढे कोणी फुकटही घेणार नाही, ते आपण का घेता?"

व्यापारी गडबडला. मग ओशाळून म्हणाला, "खरं सांगू? राहायला. बायको म्हणते, राहायचं तर टेकडीवरच. बरं, पुरा भाव देतो. त्यावर आणखी काही देतो!"

"क्षमा असावी," भार्गव हसत म्हणाला, "आम्हालाही इथेच राहायचे आहे."

आत माजघरात आईने ते ऐकले. कालपासून तिने घशाखाली घास उतरवला नव्हता. तिने चूल पेटवली, पुरणाची डाळ शिजत घातली आणि लेकाला हाक मारली, "भार्गवा, आचार्यांना जेवायला बोलावून आण. आणि शेठजींनाही थांबायला सांग. आपल्या दारातून कोणी उपाशी जायचं नाही."