आगटीची ऊब

फार पूर्वी, माळावर माणसं कमी आणि ससे जास्त होते, तेव्हाची गोष्ट. म्हातारा भुऱ्या ससा आणि त्याचा धाकटा भाऊ कान्या रोज पहाटे बांधापासून ओढ्यापर्यंत पळायचे. पौषात थंडी वाढली. हुरडा खाऊन माणसं गेली, की आगटीची राख ऊबदार असायची आणि दाणेही सांडलेले असायचे.

"दादा, सणासुदीला कसलं पळणं? संक्रांत झाली की येतो," कान्या राखेजवळ पसरून म्हणाला.

"कुत्रा काय संक्रांत बघून येतो, आळश्या?" भुऱ्या खेकसला आणि एकटाच पळाला.

किंक्रांतीला कान्या शब्दाप्रमाणे आला. त्याच पहाटे कुत्रा मागे लागला. महिनाभर बसून जड झालेले पाय अर्ध्या वाटेतच थकले.

भुऱ्या त्यानंतरही रोज पळायचा. ओढ्याशी पोचला की मागे वळून बघायचा. खेकसायला कुणी उरलेलं नव्हतं.